सोळातले सात, आणि म्हणे ओके

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि आज भांडायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. भांडण कुणा एका माणसाशी नाही. ते आहे पायथनमधल्या चाचण्या शोधून काढणाऱ्या एका सोयीशी, आणि त्या सोयीच्या शेवटच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या आपल्या सवयीशी. नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये. यात कापूस आहे, चुकारा आहे, आणि अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला आपला भाचाही आहे. तांत्रिक नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहितोय, म्हणजे मावशीलाही वाचता येतील.

आधी युनिट टेस्ट म्हणजे काय ते. प्रोग्रामचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याला असं गणित घालायचं की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि तेच उत्तर येतं का हे दुसऱ्या एका तुकड्याकडून तपासून घ्यायचं. तो दुसरा तुकडा म्हणजे चाचणी. पायथनमध्ये यासाठी लागणारं 'युनिटटेस्ट' नावाचं साहित्य भाषेसोबतच येतं, २००१ च्या २.१ आवृत्तीपासून. मूळ घाट जावावाल्यांच्या जेयुनिटचा, म्हणजे केंट बेक आणि एरिक गामा यांचा. पायथनमध्ये तो स्टीव्ह पर्सेल यांनी आणला. चाचण्या चार-सहा फाइलींत पसरल्या की त्या गोळा करून चालवणारा कोणीतरी लागतो, त्याला लोडर म्हणतात. २०१० च्या २.७ आवृत्तीत या लोडरला 'डिस्कव्हर' नावाचं काम शिकवलं गेलं. तुम्ही फक्त फोल्डर दाखवायचं. 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या फाइली तो स्वतः हुडकतो, त्यातल्या चाचण्या चालवल्या जातात, किती चालल्या ते छापलं जातं आणि सगळ्यात खाली 'ओके' येतं.

हे 'ओके' फार गोड असतं. रात्री दोन वाजता पडद्यावर ते आलं की झोप लागते.

आता भाच्याचं प्रोजेक्ट. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी अकोल्याकडच्या आपल्या गावातल्या कास्तकारांसाठी एक हिशेब बनवला. कापूस सीसीआयला (म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला) घालायचा की दारात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला द्यायचा, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून. वजन टाका, ओलावा टाका, हमीभावाने किती चुकारा मिळेल ते बघा. कॉलेजच्या प्रोजेक्टांत मला इतकं कामाचं काही फार दिवसांनी दिसलं. नाहीतर दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंट, तेच हॉस्पिटल मॅनेजमेंट, मागच्या बॅचच्या सीडीवरून या बॅचच्या पेनड्राइव्हवर.

गणित साधं आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याचा. त्यावर ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेलं की सीसीआय माल घेत नाही. म्हणजे ९ टक्क्यांना ७,४४५ रुपये ७९ पैसे, १० टक्क्यांना ७,३७० रुपये ५८ पैसे, १२ ला ७,२२० रुपये १६ पैसे.

पोरांच्या कोडमध्ये आठ वजा करायचे राहिले होते. ओलावा १० टक्के म्हटला की प्रोग्राम दोन टक्के कापण्याऐवजी सरळ दहा टक्के कापत होता. उत्तर ६,७६८ रुपये ९० पैसे. क्विंटलमागे ६०१ रुपये ६८ पैसे कमी.

यात कास्तकाराचं काय जातं बघा. समजा दारात गाडी घेऊन आलेला माणूस ७,००० रोख देतोय. प्रोग्राम सांगतोय, सीसीआयकडे ६,७६८ च मिळतील. कोणीही शहाणा माणूस दारातच माल देऊन मोकळा होईल, वर काट्यावरची रांग वाचली म्हणून खूशही होईल. प्रत्यक्षात त्याने क्विंटलमागे ३७० रुपये ५८ पैसे सोडले. २५ क्विंटलचे ९,२६४ रुपये ५० पैसे. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत ग्रेडरने गाडीत हात घालून ग्रेड सांगितला की तोच खरा, हे आपल्या आजोबांच्या पिढीने सोसलं. निदान त्या ग्रेडरचं तोंड तरी दिसायचं, त्याच्याशी भांडता तरी यायचं. इथे तर आपल्याच घरच्या पोरांनी, आपल्याच भल्यासाठी, चुकीचा आकडा हातात दिला असता.

आणि राजेहो, खरी गंमत पुढेच आहे. या चुकीची चाचणी लिहिलेली होती! चांगली लिहिलेली होती. पोरांनी चार फाइली केल्या होत्या. नावाची सुरुवात नियमाप्रमाणे इंग्रजी अक्षरांत 'टेस्ट', मग अंडरस्कोर, आणि पुढे देवनागरीत विषय: वजन, दर, ओलावा, चुकारा. वजनाच्या ४ चाचण्या, दराच्या ३, ओलाव्याच्या ५, चुकाऱ्याच्या ४. एकूण १६. आठ टक्के, नऊ टक्के, दहा, बारा, बाराच्या वर, सगळं त्या ओलाव्याच्या फाइलीत होतं. डिस्कव्हर चालवलं. पडद्यावर आलं: ७ चाचण्या चालल्या, ओके. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ओके बघितलं, सही केली. भाच्याला मी विचारलं, बाकीच्या नऊ कुठे गेल्या? तर म्हणे, "ओके आलं न मामा, कायले मोजता?"

कायले मोजता! याच वाक्याशी माझं भांडण आहे.

त्या नऊ कुठे गेल्या ते सांगतो, कारण हे बऱ्याच प्रोग्रामर मित्रांनाही ठाऊक नसतं. डिस्कव्हर फाइल उघडण्याआधी तिचं नाव एका साच्याला लावून बघतो. साचा असा: पहिलं अक्षर इंग्रजी किंवा अंडरस्कोर, पुढे कितीही 'शब्दातली अक्षरं', मग टिंब आणि पायथनचं शेपूट. साच्यात बसलं नाही तर फाइल सोडून द्यायची. चूक म्हणून नोंद नाही, इशारा नाही, काही नाही. आता 'शब्दातलं अक्षर' कशाला म्हणायचं हे पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन ठरवतं, आणि त्याच्या हिशेबी अक्षर, आकडा आणि अंडरस्कोर एवढंच शब्दात मोडतं. यूनिकोडमध्ये 'क' हे अक्षर आहे. पण त्याला लागणारा काना ही वेगळी खूण आहे, तशीच वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त. या खुणांना पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन शब्दातलं अक्षर मानत नाही.

म्हणजे 'वजन' चाललं. व, ज, न, तिन्ही सुटी अक्षरं. 'दर' चाललं. 'ओलावा' मात्र 'ल' नंतरच्या कान्यावर अडखळून पडला. 'चुकारा' तर पहिल्याच उकारावर. घर, नळ, गवत, मगर चालतील. अमरावती चालणार नाही, अकोला चालणार नाही, कापूस चालणार नाही. पहिलीच्या पोराला पहिल्या महिन्यात बिनकानामात्रेचे शब्द शिकवतात, पायथनचा हा लोडर त्या महिन्यापुढे गेलेलाच नाही. रशियन चालतं, चिनी चालतं. अडतं ते अक्षराला खूण जोडणाऱ्या लिप्यांचं: मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, कन्नड, सगळ्यांचं.

बरं, पायथनला देवनागरी नावं मान्य नाहीत असंही नाही. मार्टिन फॉन ल्योविस यांचा पेप ३१३१ हा प्रस्ताव २००७ चा, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून व्हेरिएबलला, फंक्शनला, मॉड्यूलला 'ओलावा' म्हणायला पूर्ण मुभा आहे. पायथनलाच विचारा, 'ओलावा' हे वैध नाव आहे का? इझआयडेंटिफायर म्हणतं, हो. मग विचारा, यात सगळी अक्षरं किंवा आकडेच आहेत का? इझअल्नम म्हणतं, नाही. एकाच घरात दोन तोंडं. आणि कळस म्हणजे लोडरमध्ये फाइल सोडून देणाऱ्या त्या ओळीच्या बाजूला टीप आहे, तिचा अर्थ: फक्त पायथनला वैध असलेली नावं. अहो, वैधच आहे ते! तुमच्याच २००८ च्या नियमाने वैध आहे, आणि डिस्कव्हर त्यानंतर आलंय. रेग्युलर एक्स्प्रेशनचा हा दोष टॉम ख्रिश्चनसेन यांनी २०११ मध्ये पायथनच्या तक्रारवहीत नोंदवला होता. यूनिकोडची शिफारस अशी की अशा खुणाही शब्दात धराव्यात. मी ३.१२ आवृत्तीत बघितलं तेव्हाही लोडरमधला साचा तसाच होता.

आता यावर ठरलेलं उत्तर येणार, एका मित्राचं मेलवर आलंही: "कशाला देवनागरीच्या फंदात पडायचं? फाइलला इंग्रजी नाव दे, विषय संपला."

विषय संपत नाही बावा. पहिली गोष्ट, चाचणी ही प्रोग्राममधली अशी एकमेव जागा आहे की जिथे प्रोग्रामिंग न येणारा पण विषय जाणणारा माणूस बोट ठेवून सांगू शकतो की हे चुकलंय. आमच्या अकोल्याच्या काकांना पायथन येत नाही. पण 'ओलावा आठच्या वर असेल तरच कपात' असं नाव असलेली चाचणी त्यांना वाचता येते, आणि ती चुकीची असेल तर ते चष्मा वर करून सांगतात. तिचं 'मॉइश्चर डिडक्शन थ्रेशोल्ड' केलं की काका गेले, आणि त्यांची पन्नास वर्षांची अक्कल गेली. दुसरी गोष्ट, सरकार म्हणतंय इंजिनिअरिंग मराठीतून शिका. २०२१ पासून एआयसीटीईने तशी परवानगी दिलीय, पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरचा वर्ग मराठीतून सुरूही झाला. मराठीतून शिकणाऱ्या पोराने फाइलला मराठी नाव दिलं तर तो लाड नाही, ते सरळ आहे. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी: नाव चालत नसेल तर तसं सांगा ना! तोंड उघडा! 'हे नाव मला वाचता येत नाही' असं पायथन म्हणालं असतं तर पोरांनी दोन मिनिटांत नाव बदललं असतं आणि मी हा लेख लिहिला नसता. नकार परवडला. न बघता पास करणं परवडत नाही.

कारण हे देवनागरीपुरतं नाहीच. फाइलीच्या नावात अंडरस्कोरऐवजी आडवी रेघ टाका, डिस्कव्हर तीही गुपचूप सोडतो. आत एखादं फोल्डर केलं आणि त्यात 'इनिट'ची फाइल ठेवायची राहिली, की त्या फोल्डरात तो शिरतच नाही. आणि काहीच सापडलं नाही तर? तर कित्येक वर्षं हा गडी छापत होता: ० चाचण्या चालल्या, ओके. शून्य! पेपर दिलाच नाही, आणि निकाल पास. ही लाज २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत गेली. आता तिथे 'एकही चाचणी चालली नाही' असं छापून येतं, आणि कमांडवरून चालवलं असेल तर बाहेर पडताना ५ हा खुणेचा आकडा मिळतो. पण आपल्या पोरांना त्याचाही उपयोग नव्हता, कारण त्यांच्या सात चालल्या होत्या. शून्य पकडता येतं. सोळातले सात कोण पकडणार?

शेतीवाले या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी शहाणे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही विचारा. वाणांच्या तुलनेच्या प्रयोगात एखादा वाफा उगवलाच नाही, किंवा डुकरांनी खाल्ला, तर तो गहाळ वाफा म्हणून लिहितात. त्याची वेगळी आकडेमोड असते, संख्याशास्त्राच्या पुस्तकात त्यावर प्रकरण असतं. 'या वाफ्यात कीड दिसली नाही, सबब वाण उत्तम' असं कोणी लिहिलं तर गाईड त्याला बांधावरूनच परत पाठवील. आम्ही संगणकवाले मात्र न उगवलेल्या वाफ्याला निरोगी म्हणतो.

मग करायचं काय? लोडरला हुडकायला सांगायचंच नाही. यादी आपण द्यायची, आणि गिनती आपण करायची. पंचवीसेक ओळींचा प्रोग्राम आहे. फोल्डरमधल्या 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या सगळ्या पायथन फाइलींची नावं आपणच वाचायची, शेपूट काढायचं, ते फोल्डर पायथनच्या शोधमार्गात घालायचं, आणि एकेक नाव लोडरच्या 'लोडटेस्ट्सफ्रॉमनेम'ला द्यायचं. नावाने बोलावलं की 'ओलावा' बिनतक्रार येतो! साचा फक्त हुडकताना लावला जातो, बोलावताना नाही. आणि फाइल मोडकी असेल, आतलं काही इंपोर्ट होत नसेल, तर ३.५ आवृत्तीपासून लोडर तिच्या जागी एक पडणारी चाचणी ठेवतो, म्हणजे बोंब होते. बोंब झालीच पाहिजे. मग प्रत्येक फाइलीतून आलेल्या चाचण्या 'काउंटटेस्टकेसेस'ने मोजायच्या. एकाही फाइलीतून शून्य आल्या तर तिथेच थांबायचं, पुढे चालवायचंच नाही. शेवटी सगळ्या एका सूटमध्ये भरून रनरला द्यायच्या, आणि निकालात किती चालल्या हा आकडा आपल्या गिनतीशी लावून बघायचा. वगळलेल्या किती तेही वेगळं छापायचं.

इथे एक खड्डा आहे. निकालाला 'वॉजसक्सेसफुल' असं विचारता येतं, आणि बहुतेक लोक तेवढंच विचारतात. त्याला फक्त पडलेल्या चाचण्या दिसतात. शून्य चालल्या तरी तो 'हो' म्हणतो, ३.१२ मध्येसुद्धा. ती सुधारणा छापण्यात आणि बाहेर पडतानाच्या आकड्यात झाली, या उत्तरात नाही. तेव्हा प्रोग्राममधून चाचण्या चालवणाऱ्याने आकडा स्वतःच बघायचा.

(कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांसाठी जाता जाता. साठ पोरांची साठ फोल्डरं, प्रत्येकात 'उत्तर' नावाची फाइल, आणि एकच लूप लावून सगळी तपासायची असा मोह होतो. करू नका. पायथन एकदा आणलेलं मॉड्यूल नावाने लक्षात ठेवतो. दुसऱ्या पोराची 'उत्तर' मागितली की पहिल्याचीच पुढे करतो. सगळ्या वर्गाला रोल नंबर एकचे मार्क पडतील, जर्नल छापायचीही गरज नाही :) प्रत्येक पोराची तपासणी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा.)

याही पलीकडे एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे म्हणून घेतो. डिस्कव्हर आलंच का? तर लोक हाताने याद्या करायचे, नवी फाइल यादीत घालायला विसरायचे, आणि ती कधीच चालायची नाही. म्हणजे यादीही चुकतेच. बरोबर. म्हणून तर नावं फोल्डरमधून वाचायची आणि आकडा हाताने लिहायचा. नवी चाचणी लिहिली की १६ चे १७ करायचे. विसरलात तर प्रोग्राम अडेल आणि तुम्हाला शिव्या द्याव्याशा वाटतील. द्या की. दोन्ही बाजूंनी मोजलं की कोणत्याही एका बाजूची चूक उघडी पडते. बाजार समितीत काट्याची चिठ्ठी एकाकडे आणि नोंदवही दुसऱ्याकडे असते ती काय हौस म्हणून?

भाच्याने कुरकुर करत का होईना, हे लिहिलं. नावाने बोलावल्यावर १६ च्या १६ आल्या. चालवल्या. ओलाव्याच्या पाचातल्या चार धाडकन पडल्या, चुकाऱ्याच्या दोन. आठ वजा करायला त्याला अर्धा मिनिट लागला. मार्क तर आधीच पडले होते, ते काही कोणी परत घेतलं नाही.

आता माझं एक काम करा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे हिंदी, गुजराती, कन्नड, कुठल्याही अशा लिपीतल्या नावांच्या चाचण्या असतील त्यांनी आज रात्री एकदा हाताने मोजा, मग डिस्कव्हर चालवा, आणि दोन्ही आकडे मला मेलवर पाठवा. किती जणांचे जुळले नाहीत ते पुढच्या वेळी लिहितो. आणि आत्या, तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर: हो, तो प्रोग्राम आता काकांच्या फोनवर घातलाय, पण ओलावा मोजायचं यंत्र अजून कोणी घेतलेलं नाही.